डेन्मार्कला हरवलेला मकसूद

खडकी बाजारात जाऊन मकसूद शेख कुठे राहतो असं विचारलंत, तर चहावाला हातातलं काम न थांबवता म्हणेल, "इथं चार आहेत. ठरवून या." पण 'डेन्मार्क' म्हणालात की तोच माणूस गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन घर दाखवेल. हे नाव मकसूदला सत्त्याण्णव साली चिकटलं. त्या वर्षी पुण्यात परदेशी बॉक्सर बोलावून एक मोठी स्पर्धा भरवली होती, आणि खडकीच्या या एकवीस वर्षांच्या पोरानं उपांत्य फेरीत टॉर्बेन क्विस्ट नावाच्या डॅनिश पोराला शेवटच्या घंटेपर्यंत असा काही झोडपला की प्रेक्षकांचे घसे बसले. हल्लीच्या पोरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना वाटतं चाचा तिकडे नोकरीला होते. एकानं तर व्हिसाला किती दिवस लागतात म्हणून विचारलं होतं.

हरलेला टॉर्बेन मायदेशी परतला आणि वर्षभरात व्यावसायिक बॉक्सर झाला. एकामागून एक लढती जिंकत गेला. पुढे युरोपचा विजेता झाला, कमरेला पट्टा आला, त्याच्या देशात रस्त्यात लोक थांबवून हात मिळवू लागले. सुरुवातीला या बातम्या मकसूदला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बोटभर मिळायच्या. पुढे मोबाइल आला आणि त्यानं टॉर्बेनच्या सगळ्या लढती पाहून काढल्या, त्याही डॅनिश भाषेतल्या वर्णनासकट. शब्द एक कळत नव्हता, पण त्यात 'क्विस्ट' आलं की हा घरातल्या सगळ्यांना गप्प करायचा. टॉर्बेन जसजसा वर चढला, तसतसा मकसूदचा तो एक विजयही महाग होत गेला. वाघोलीच्या जमिनीसारखाच त्याचा भाव वाढला म्हणा ना! फरक एवढाच की हा तुकडा कुणी विकत घेणार नव्हतं. आणि ज्या रात्री टॉर्बेननं जर्मनीत मार खाल्ला आणि पट्टा घालवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मकसूद कामावर गेला नाही. बायकोनं, मेहजबीननं विचारलं, "अहो, तुम्हाला कुठे लागलंय?"

मकसूदची स्वतःची कारकीर्द सांगायला एवढा वेळ लागत नाही. अंतिम फेरी तो खेळलाच नाही. राष्ट्रीय शिबिराच्या यादीतून नाव गेलं, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी गेली, मग उजव्या हाताचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. काही वर्षं पार्सलच्या गोदामात हमाली, काही वर्षं एका सोसायटीच्या फाटकावर शिट्टी आणि काठी. आता तो वाघोलीच्या एका जिममध्ये आयटीतल्या पोरापोरींसमोर हातात पॅड धरून उभा राहतो. ती मुलं त्यावर ठोसे मारतात, दमतात, फोटो काढतात आणि विचारतात, "सर, महिन्यात किती किलो जाईल?" लोकांचं वजन उतरवायचा पगार मिळतो त्याला. देवाला थट्टा करायला माणूसही नेमका सापडतो.

ही थट्टा का, ते घरात फक्त मकसूदला माहीत होतं.

घरातली गोष्ट अशी होती की अंतिम फेरीच्या सकाळी संघटनेनं दगा दिला. कुणा बड्याच्या पोराला पुढे काढायचं होतं म्हणून मकसूदचं नाव ऐनवेळी कापलं. ही गोष्ट त्याची आई, सकीनाबी, येईल त्याला सांगायची. म्हातारी मूळची सासवडकडची, घरात सगळे दखनी उर्दू बोलले तरी तिचा राग मराठीतच यायचा. "माझ्या लेकराच्या तोंडचा घास काढला मेल्यांनी," असं म्हणून ती संघटनेच्या सात पिढ्यांचा हिशेब करायची. दर शुक्रवारी नमाजानंतर त्या लोकांसाठी तिची एक खास बददुवा राखून ठेवलेली असे. नात सुहाना हीच गोष्ट ऐकत वाढली. शाळेत 'माझे बाबा' या विषयावर तिनं अन्यायाचं असं वर्णन केलं होतं की बाई वर्गातच डोळे पुसू लागल्या. आपला बाप हरलेला नाही, त्याला हरवलं गेलंय, या एका गोष्टीवर त्या पोरीनं मान ताठ ठेवली होती.

खरं निराळं होतं. कुणी काही कापलं नव्हतं. मकसूदचं वजन जास्त भरलं होतं.

त्या काळी प्रत्येक लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागे. मकसूदचा गट सदुसष्ट किलोचा आणि हाड मोठं, म्हणून स्पर्धेचे ते दिवस त्यानं कोरडे काढले होते. जेवण नाही, पाणी ओठ भिजतील एवढंच. त्याचे प्रशिक्षक महिपती जगदाळे, लष्करातून निवृत्त झालेला कडक माणूस. उपांत्य फेरी जिंकल्यावर त्यांनी पाठ थोपटली नाही, आधी दम दिला, "घरी जातोयस, जा. पण उद्याचा काटा होईपर्यंत तोंडात काही गेलं तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही."

घरी सकीनाबी उपाशी बसली होती. पोरगा अंतिम फेरीत पोचावा म्हणून तिनं मन्नत मागितली होती. स्पर्धा सुरू झाल्यापासून तिचे रोजे चालू होते, आणि दर्ग्यावरचा नियाजाचा, म्हणजे प्रसादाचा, मलिदा पोराला स्वतःच्या हातानं भरवल्याशिवाय ती आज रोजा सोडणार नव्हती. तूप आणि गुळात माखलेला तो मलिदा घेऊन ती दारातच उभी होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तो मकसूदनं त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. त्यानं म्हणायला हवं होतं, की अम्मी, उद्या. म्हणाला नाही. एक घास घेतला. मग तिनं दुसरा पुढे केला, कारण एकच घास कसा द्यायचा? पुढचं काही त्याच्या हातात उरलं नाही. इतके दिवस उपाशी ठेवलेलं शरीर गोड चाखल्यावर ऐकतंय होय! त्यानं वाटी पुसून खाल्ली. मग तहान लागली. वाळलेलं अंग पाणी मागत राहिलं आणि तो पीत राहिला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला तेव्हा तो जगातला सगळ्यात सुखी माणूस होता.

सकाळी काटा पुढे गेला. नियमाप्रमाणे थोडा वेळ मिळाला. महिपती सरांनी त्याला रेनकोट घालून उन्हात पळवलं, थुंकायला लावलं, डोक्यावरचे केस उतरवले, शेवटी टॉवेलाआड उघडा उभा केला. काटा हलला, पण पुरेसा नाही. समोरच्याला न लढताच विजय मिळाला आणि मकसूद बाद झाला. निवड समितीतले एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, "ज्याला तोंड आवरत नाही त्याला शिबिरात घेऊन काय स्वयंपाक करायचाय?" पुणेरी माणसाला अशा वेळीही वाक्य बरोबर सुचतं.

महिपती सर त्याला घरी सोडायला आले. दारात सकीनाबीनं पोराचं तुळतुळीत डोकं पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. मकसूदनं तोंड उघडलं, पण सरांनी त्याला बोलू दिलं नाही. "भाभी, संघटनेनं घात केला," ते म्हणाले. त्या कडक माणसानं आयुष्यात एवढं एकच खोटं सांगितलं असेल. मकसूदनं फक्त मान हलवली. सर आता हयात नाहीत, आणि ते खोटं एकट्या मकसूदच्या गळ्यात राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांनी सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? नोकरी गेली तेव्हा सांगितलं असतं तर आईनं जीव दिला असता. हाड मोडलं तेव्हा तिच्या डोक्यावर आणखी एक दगड कशाला म्हणून राहिलं. मग तिला साखर झाली, मग मोतीबिंदू झाला. सांगायची वेळ म्हणून जी म्हणतात ती या घरात कधी आलीच नाही. आणि खरं सांगायचं तर रागाने म्हातारीला ताठ ठेवलं होतं. दुसऱ्या कुणीतरी आपल्या पोराचं वाटोळं केलं, एवढ्या आधारावर ती पंचाहत्तरीला पोचली होती.

आणि मग एक दिवस सुहाना ऑफिसातून उड्या मारतच घरी आली. वाघोलीच्या पुढे एका डॅनिश कंपनीत ती नोकरी करते. कंपनीनं आपल्या क्रीडादिनाला पाहुणा म्हणून मायदेशाहून जुना विजेता आणला होता.

"अब्बा, गेस करा कोण. टॉर्बेन क्विस्ट! मी त्याला तुमचं नाव सांगितलं. तो दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मला त्याला भेटायचंय. रविवारी दुपारी आपल्याकडे जेवायला येतोय."

मकसूदचा हात आपोआप हनुवटीपाशी गेला, ठोसा अडवायला जातो तसा. मग तो हसला, कारण सगळे हसत होते.

"घरी कशाला? बाहेर नेऊ त्याला, चांगल्या हॉटेलात," तो म्हणाला.

"हाटेलात?" सकीनाबी कडाडली. "माझ्या पोराचा पाव्हना हाय त्यो. म्या रांधनार!"

शुक्रवार, शनिवार मकसूद नीट झोपला नाही. सुहानाला बाजूला घेऊन एवढंच सांगायचं होतं, की बाळा, तो काट्याबद्दल काही बोलला तर दादीला सांगू नकोस. पण हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगणं आलं. शनिवारी सकाळी ती गाडीवरून त्याला वाघोलीला सोडायला निघाली, तेव्हा त्यानं धीर केला. "सुहाना, तुला एक सांगायचं होतं."

"मलाही!" ती हेल्मेटमधून ओरडली. "अब्बा, मला आज इतकं भारी वाटतंय ना! ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंय मी, तुमच्यावर कसा अन्याय झाला ते."

वाघोली आली, तसा तो उतरला आणि पॅड धरायला आत गेला.

रविवारी टॉर्बेन आला. गल्ली भरून लोक जमले होते. मकसूदच्या डोळ्यांसमोर तो लालसर केसांचा, काटकुळा, चपळ पोरगा होता. गाडीतून उतरला तो एक थोराड, थकलेला माणूस. हात थरथरत होते. एक डोळा शस्त्रक्रियेनंतर अर्धाच उघडत होता. बोलताना शब्द शोधावे लागत होते, आणि पायऱ्या चढेपर्यंत त्यानं सुहानाचं नाव दोनदा विचारलं. एवढा पट्टा, एवढा मान, आणि डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी शेवटी वसुली केलीच होती. मकसूदला त्याची कणव आली. आणि त्याच वेळी, अगदी त्याच क्षणी, त्याच्या मनात आलं, की याला काही आठवत नसेल. सुटलो. असं वाटल्याची त्याला शरम वाटली, पण बरं वाटलं हेही खोटं नव्हतं.

टॉर्बेननं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. उजवा सोडला, डावा वर उचलला आणि घरातल्या सगळ्यांना दाखवत इंग्रजीत म्हणाला, "हा. हा हात मला दिसलाच नाही. यानं मला हरवलं. स्वच्छ हरवलं. माझ्या देशात मी प्रत्येक मुलाखतीत सांगतो, माझ्यापेक्षा चांगला पोरगा मी पुण्यात पाहिला."

सुहानानं ते मराठीत सांगितलं. मेहजबीन, जी पंचवीस वर्षं 'तुमचं ते डेन्मार्क' असं म्हणत आली होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. सकीनाबीनं परक्या पुरुषाच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. मकसूदला वाटलं, आता इथेच सगळं संपलं तर बरं. त्याच्या आयुष्यातला हा दुसरा चांगला दिवस होता आणि तो निदान जेवण होईपर्यंत टिकावा.

दस्तरखान अंथरला. मटण होतं, पुलाव होता. सकीनाबी खाली बसवत नसतानाही खाली बसून स्वतः वाढत होती. टॉर्बेन थरथरत्या हातानं, पण मनापासून जेवत होता. आणि सकीनाबीच्या मनात इतकी वर्षं साचलेला प्रश्न बाहेर आला.

"सुहाना, त्याला इचार. त्यो तिथंच व्हता न्हवं? माझ्या पोराला त्या लोकांनी कसं फशिवलं, त्यानं बघितलं असंल."

"अम्मी, जेवू दे त्याला," मकसूद म्हणाला.

"जेवतोयच की. त्वांड चालू हाय, कान बी चालू असत्याल."

सुहानानं विचारलं. टॉर्बेननं घास थांबवला. कपाळाला आठ्या पडल्या. कालचं, परवाचं त्या डोक्यातून गळून गेलं असेल, पण जुनं सगळं शाबूत होतं.

"फसवलं? नाही, नाही," टॉर्बेन सावकाश म्हणाला. "मी तिथे होतो. आमच्या एका पोराची अंतिम लढत होती, म्हणून आम्ही सगळे काट्यापाशी गेलो होतो."

"नो, टॉर्बेन. लीव्ह इट. प्लीज," मकसूद म्हणाला. त्याला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी त्यात खर्ची पडलं. टॉर्बेनला वाटलं, बिचारा संकोचतोय. त्यानं प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे सांगू लागला. सुहाना हसत हसत, प्रत्येक वाक्यामागे मराठी जोडत गेली.

"दादी, तो म्हणतो, अब्बा रेनकोट घालून उन्हात पळत होते... त्यांचे केस काढले तिथेच... बिचारे उघडे उभे होते काट्यावर, आणि काटा..."

ती थांबली. पण थांबायला उशीर झाला होता.

"काटा काय?" सकीनाबीनं विचारलं.

"काही नाही, दादी. वजन थोडं जास्त भरलं म्हणे."

टॉर्बेनचं अजून संपलं नव्हतं. तो मान हलवत, हळहळत म्हणाला, "आम्ही सगळे बोलत होतो, अंतिम लढतीच्या आदल्या रात्री या पोराला कुणी खायला घातलं असेल? एवढा शत्रू कोण?"

सुहानानं हे मराठीत सांगितलं नाही. ती बापाकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि असता तर मकसूदला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं उभी असलेली भिंत हाताला लागेनाशी झाल्यावर माणूस जसा चाचपडतो, तशी ती पाहत होती.

"काय म्हनतोय त्यो?" म्हातारीनं विचारलं.

"जेवण छान झालंय म्हणतोय."

"मला इंग्रजी येत न्हाई गं. पर तोंडं वाचता येत्यात." सकीनाबीनं वाढायचा चमचा खाली ठेवला. "मकसूद, त्या राती तू काय खाल्लं व्हतंस?"

"बाहेर खाल्लं होतं, अम्मी. पोरांनी आग्रह केला. वडापाव."

"बाहेर कवा गेलतास? माझ्या मांडीवर निजला व्हतास तू."

मकसूद ताटाकडे बघत राहिला. रिंगणात तो कधी मागे सरला नव्हता. इथे मागे सरकायलाही जागा नव्हती. "महिपती सरांनी दारात जे सांगितलं, त्याला मी... अम्मी, तुझा काही दोष नव्हता. मीच नाही म्हणायला हवं होतं."

"तू कसा न्हाई म्हनशील?" ती एवढंच म्हणाली.

मग तिनं चमचा पुन्हा उचलला. पाहुणा ताटावर होता. तिनं टॉर्बेनला पुलाव वाढला, रस्सा वाढला, तो पुरे म्हणाला तरी आणखी एकदा वाढला, त्याच्या ग्लासात पाणी ओतलं. रोज तीच वाढायची ते मकसूदचं ताट रिकामं झालं होतं. तिकडे तिनं पाहिलं नाही. टॉर्बेन जाताना वाकून तिच्यापुढे उभा राहिला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी निघाली, गल्लीतल्या पोरांनी 'डेन्मार्क, डेन्मार्क' असा ओरडा केला. सुहाना त्याला सोडायला गाडीतून गेली. बसताना तिनं काच वर केली.

मकसूद आत आला. आई त्याच जागी बसली होती. तो तिच्यासमोर बसला. ती रडेल, छाती बडवेल, त्याला मारेल, यातल्या सगळ्याची त्यानं तयारी केली होती. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं स्वयंपाकघराकडे पाहून सुनेला हाक मारली.

"मेहजबीन, उद्यापास्नं ह्याचं ताट तूच वाढत जा गं."

"का, अम्मी?" मेहजबीन आतून म्हणाली.

सकीनाबी भिंतीला धरून उठली आणि हात धुवायला गेली.